सी आणि डीमधला धुरा

"साडेतीनशे धुरे सरकवले म्या या हातानं," उद्धवराव सांगत, "पण कोणाच्या ज्वारीचं एक कणीस मोडलं असंल तं माणूस दाखवा."

माणूस कोणी दाखवत नसे, कारण हे वाक्य येईस्तोवर समोरच्याची घरी जायची वेळ झालेली असे. पण बोलणं खोटं नव्हतं बरं का. उद्धवराव महसूल खात्यात गिरदावर होते, जमिनी मोजणारे. भावाभावांची वाटणी असो की चुलत्या-पुतण्याची मारामारी असो, उद्धवराव मोजणीची साखळी घेऊन शेतात हजर. जुने दगड उपटायचे, नवे रोवायचे, पंचांच्या सह्या घ्यायच्या, की काम फत्ते. धुरा, म्हणजे शेताचा बांध, इकडचा तिकडं जाई आणि पीक आपलं जागच्या जागी डुलत राही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा घोळ हिच्यामुळंच झाला.

शहाण्णव साली ते रिटायर झाले आणि मुधोळच्या घराच्या ओट्यावर बसले. ओट्यावर माणूस बसून बसून किती बसेल? पंधरा दिवसांत त्यांनी स्वतःचं अंगण तीनदा मोजलं. मग शेजारच्या बयनाबाईचं अंगण मोजलं आणि तिचं तुळशीवृंदावन दीड फूट सरकारी जागेत आहे असं तिला कळवलं. बयनाबाई दोन महिने बोलली नाही. तेव्हा त्यांच्या बायकोनं, जयवंताबाईनं, समाजाच्या सभेचे अध्यक्ष दादाजी यांना घरी चहाला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "दादाजी, यायले काई तरी काम द्या. नाई तं हे गाव मोजून काढतीन."

दादाजींनी काम दिलं. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी समाजाचा वधू-वर मेळावा भरे. त्यातल्या पोरापोरींच्या माहितीचं पुस्तक आजवर कापडदुकानवाले माणिकराव लाल वहीतून उतरवून काढत. आता सभेनं कॉम्प्युटर घेतला होता. निर्मलहून पोशेट्टी नावाचा मशीनवाला आला, त्यानं तो उद्धवरावांच्या पुढच्या खोलीत बसवला आणि पंधरा दिवस त्यांना शिकवलं.

उद्धवरावांचा जीव परत जाग्यावर आला. रोज नऊला इस्तरीचा शर्ट, कपाळाला गंध, आणि चार पावलांवरच्या त्या खोलीत जाताना बायकोला, "मी दफ्तरात चाललो." पाच वाजता परत चार पावलं, आणि "आलो व." जयवंताबाई दोन्ही वेळा "हो" म्हणे. तिला त्या चार पावलांची किंमत कळत होती.

माणिकरावांना मात्र हे पटलं नाही. "मशीनले काय समजते सोयरीक?" ते दुकानात बसून म्हणत. "एक दिवस समदं गिळून बसंल." एवढं बोलून त्यांनी आपला पोरगा महिपत याचा फॉर्म मात्र पहिल्याच दिवशी आणून दिला. सोबत चार फोटो आणि खुद्द महिपत.

आता मशीन बसवताना काय झालं ते सांगितलं पाहिजे. पोशेट्टी त्यांना मानानं पटेल म्हणे. तो म्हणाला होता, "पटेल, डिस्क के दो हिस्से कर देता हूँ. एक सी, एक डी."

उद्धवरावांचे डोळे चमकले. "म्हणजे वाटणी केली म्हणा ना."

"वैसाच समझो."

"मंग झालं तं. सीमध्ये पोरं, डीमध्ये पोरी. मधात धुरा. सोयरीक व्हईपर्यंत एका जागी ठेवाचेच नाई."

पोशेट्टीनं आजवर निर्मल-भैंश्यात वीसेक मशीनी बसवल्या होत्या, पण डिस्कवर मर्यादा पाळणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. जाताना तो एवढंच म्हणाला, "हफ्ते में एक बार फ्लॉपी पे नकल निकाल के रखना, पटेल." उद्धवराव म्हणाले, "नकलेचं मले सांगता काय? जिंदगी गेली नकला देण्यात." आणि फ्लॉप्यांचा डबा त्यांनी देवघरात हळदकुंकू लावून ठेवला. तो तिथंच राहिला.

आठ महिने फॉर्म येत राहिले. धर्माबाद, किनवट, भैंसा, नेरडीगोंडा, कुठून कुठून आईबाप येत, कधी पोरांनाही घेऊन. आले की पुढच्या खोलीत बाप्या माणसांनी फॉर्म भरायचा आणि आत चुलीपाशी बायांनी जयवंताबाईच्या हातचा चहा प्यायचा. एकशेबारा पोरं झाली, एकाहत्तर पोरी झाल्या.

पोरांची तऱ्हा अशी की एकेकाचे तीन-तीन, चार-चार फोटो. एक उभा, एक बसलेला, एक कोणाच्या तरी मोटरसायकलवर. पोशेट्टीनं दिलेल्या स्कॅनरनं ते सगळे फोटो उद्धवराव आत ओढत आणि एकेक फोटो एकेका म्हशीएवढी जागा खाई. पोरींचे फोटो द्यायला मात्र कोणी तयार नाही. "मशीनमध्ये पोरीचा फोटो? अन् कोणी पाह्यला तं?" नेरडीगोंड्याच्या बाबारावांनी तर पोरीचं नावसुद्धा चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठीची घडी घालून दिलं होतं.

व्हायचं तेच झालं. मेळाव्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी शेवटच्या पोराचा फोटो आत घेताना मशीन अडलं. सी गच्च भरला होता. आणि पलीकडं डी पेरणीआधीच्या वावरासारखा मोकळा पडलेला.

जयवंताबाई तुरीच्या शेंगा सोलत दारात बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग दोन-चार पोरायचे फोटो तिकडं डीमध्ये टाका ना."

उद्धवरावांनी तिच्याकडं असं पाहिलं, की तिनं जणू पोरांना खाटेसकट पोरींच्या खोलीत नेऊन टाकायला सांगितलं. "काय बोलून राह्यली व तू? पोरं पोरीइच्या बाजूले? कोणाले समजलं तं सभेची अब्रू जाईन."

"मशीनमध्ये कोण पाह्यते?"

"मी पाह्यतो ना," उद्धवराव म्हणाले. "त्याच्यापेक्षा धुराच सरकवतो. साडेतीनशे सरकवले, हा एक."

पोशेट्टीनं एक फ्लॉपी अडीनडीला म्हणून दिली होती आणि तिच्यातला डिस्कच्या वाटण्यांचा कार्यक्रम त्यांनी निर्मलला पाहिलेला होता. त्यांनी ती घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मशीनचं म्हणणं, आहे तो धुरा तसाच सरकवता येत नाही, आधी जुना मोडा, मग नवा टाका. उद्धवरावांना यात काहीच वावगं दिसलं नाही. शेतातही असंच असतं. जुना दगड उपटल्याशिवाय नवा कसा रोवणार?

त्यांनी डी मोडायला घेतला. मशीननं विचारलं, डीचं नाव काय? त्यांनी नाव सांगितलं. मशीननं विचारलं, नक्की का? त्यांनी हो म्हटलं. मग इंग्रजीत इशारा आला, की आतला सगळा माल जाईल. उद्धवरावांना इंग्रजी चांगलं येत होतं. पण दफ्तरात त्यांनी अडतीस वर्षं प्रत्येक कागदाखाली 'नुकसानीस हे कार्यालय जबाबदार नाही' असं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि त्यातलं नुकसान एकदाही झालं नव्हतं.

"लिवाच लागते तसं," ते बायकोला म्हणाले. "कायद्यानं."

"काय लिवलं?"

"काई नाई. पंचनाम्याची भाषा हाय."

डी मोडला. सी वाढवायला गेले तर मशीन म्हणालं, सीसुद्धा मोडा. त्यांनी तोही मोडला. मग हौसेनं नवी वाटणी आखली. पोरांना तीन हिस्से, पोरींना एक. मशीन बंद करून चालू केलं आणि आत गेले, तर सी रिकामा आणि डीही रिकामा. नुसता रिकामा नाही, मशीन म्हणे असं काही वावर मला माहीतच नाही.

त्यांनी मशीन पुन्हा बंद करून चालू केलं, तरी तेच. मग हळूच म्हणाले, "धुरा मोडला म्हणून ज्वारी मरते काय व?"

जयवंताबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

उद्धवराव चपला न घालता बसस्टँडच्या एसटीडी बूथवर गेले आणि निर्मलला फोन लावला. "पोशेट्टी, जरा धुरा सरकवला. आता आतलं पीक दिसून नाई राह्यलं."

"एमैंदी?" पोशेट्टीनं घाईत तेलुगूतून विचारलं, काय झालं म्हणून. मग सावकाश हिंदीत, "क्या किया बोलो, पटेल."

उद्धवरावांनी सांगितलं. बूथवाल्याच्या मीटरवर आकडे पळत होते.

"पटेल, फ्लॉपी पे नकल है ना?"

"फ्लॉप्या देवाजवळ हायेत."

"तो अब देवाच देखेगा," पोशेट्टी म्हणाला. "कागद के फॉर्म तो हैं? मैं कल आता हूँ. फिर से टाइप करेंगे."

फॉर्म. उद्धवरावांनी फोन तसाच ठेवला. मशीनमध्ये चढलेल्या फॉर्मांचा गठ्ठा आता काय कामाचा, म्हणून त्यांनी तो शनिवारीच सोजरबाईच्या भज्यांच्या गाड्यावर नेऊन दिला होता. उलट "सरकारी कागद हाय, जाड हाय, तेल धरते," असं वर सांगितलंही होतं.

गाडा समोरच होता. सोजरबाई कढईत भजी सोडत होती.

"सोजरबाई, ते कागद कुठं हायेत?"

"संपले ना भाऊ. कालचा बाजार व्हता, उरलेले आता बसवाल्याइनं नेले," ती म्हणाली. "लोकाइले लय आवडले. एक जण तं भजे तिथंच ठेवून कागद घिऊन गेला. म्हणे, पोरगी आमच्याच गोतातली दिसते."

उद्धवरावांनी गाड्याखालून, बाकड्याखालून, भैंश्याला निघालेल्या बसमधल्या तीन प्रवाशांच्या हातांतून असे एकूण अकरा फॉर्म गोळा केले. चौथा प्रवासी म्हणाला, भजी संपल्यावर देतो, आणि बस सुटली. अकरापैकी चारांवर तेलामुळं अक्षर उरलं नव्हतं. एकावर मिरची चिकटलेली. आणि हे सगळं भज्यांसाठी आलेल्या माणिकरावांनी अथपासून इतिपर्यंत पाहिलं. मग ते भजी न घेताच दादाजींच्या घराकडं वळले.

संध्याकाळच्या आत दादाजी ओट्यावर हजर. म्हातारा भला माणूस, पण मेळाव्याला अडीचशे लोक यायचे होते. "उद्धवराव, रविवारी पुस्तक पाह्यजे. नाई झालं तं काम पुन्हा माणिकरावकडं जाईन. माह्या हाती नाई ते."

दादाजी गेल्यावर उद्धवरावांनी इस्तरीचा शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि बनियनवर ओट्यावर येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली. आठ महिने रोज नऊ वाजता उठून जायला एक जागा होती, ती आपणच आपल्या हातानं मोडली. आता पुन्हा हा ओटा आणि हे अंगण. समोर बयनाबाई तुळशीला पाणी घालत होती, तिनं त्यांच्याकडं पाहून वृंदावन पदरानं झाकल्यासारखं केलं.

जयवंताबाई सूप घेऊन शेजारी येऊन बसली.

"एकशेत्र्याऐंशी फॉर्म व्हते," उद्धवराव म्हणाले. "समदे गेले."

"कुठं गेले?" ती म्हणाली. "एकशेत्र्याऐंशी चहा म्याच केले ना. कोणाची साखर कमी, कोणाची जास्त, तेबी सांगते. पोरगा कोण, पोरगी कोण, माय काय म्हणे, मावशी काय म्हणे, समदं हाय माह्याजवळ. तुमी फक्त लिवा."

मंगळवारी पोशेट्टी आला, त्यानं मशीन दुरुस्त केलं आणि स्वतःही टाइप करायला बसला. जयवंताबाई मधोमध तुरीच्या शेंगा घेऊन बसली आणि सांगू लागली. ती एकदाही अडखळली नाही.

"लिवा. भैंश्याचा सुधाकर. बी.कॉम. उंची साडेपाच लिवली व्हती. पण आपल्या दाराशी मी म्हणलं, डोकं सांभाळा, तं त्याले सांभाळाची गरज पडली नाई."

उद्धवराव लिहीत गेले. इथं त्यांची अडतीस वर्षांची सवय आडवी आली. जबानी घेताना सांगणारा बोलेल ते शब्दशः उतरवायचं, आपल्या मनचं अक्षर घालायचं नाही, हा दफ्तराचा कायदा. एकदा जबानी सुरू झाली की त्यांची बोटं चालत, डोकं चालत नसे. पोशेट्टीला मराठी बोलता कमी आणि लिहिता जास्त येत होतं, तोही ऐकेल तसं लिहीत होता.

"किनवटची वच्छला. वय चोवीस लिवलं. पण तिची माय चुलीपाशी म्हणे, गोदावरीच्या मोठ्या पुराच्या साली झाली. मोजा तुमी."

"अठ्ठावीस व्हते."

"मंग अठ्ठावीस लिवा. पण स्वयंपाक असा, का पाहुणा उठाले मागत नाई."

पत्तेही तिच्याच पद्धतीचे. 'धर्माबाद, स्टेशनपासून तिसरी गल्ली, दारात लिंब, कुत्रं भुकते पण चावत नाई.' चार दिवसांत सगळे एकशेत्र्याऐंशी झाले. फोटो एकही नाही. शनिवारी उद्धवरावांनी भैंश्याला तीनशे प्रती झेरॉक्स केल्या, पुस्तकं शिवली, आणि रविवारी मंदिराच्या सभामंडपात ताठ मानेनं वाटली. पुस्तक झालं होतं, काम हातात राहिलं होतं. ते सुखानं पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मंडपात शांतता पसरली. एवढी शांतता त्या मंडपात कीर्तनालाही कधी झाली नव्हती. अडीचशे माणसं मान खाली घालून वाचत होती. मग एका कोपऱ्यातून कोणी फिसकन हसलं. उद्धवरावांना शंका आली. त्यांनी पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदाच वाचलं.

'नोकरी हाय म्हणून लिवलं, पण नोकरी लागनार हाय. कवा लागन ते सांगतलं नाई.'

त्यांनी घाबरून पान उलटलं.

'पोरगा देखणा हाय, बापावर गेला नाई. आवो, तूर सोलून झाली, चहा ठेवू काय? ठेव. येणेप्रमाणे सांगितले, बरोबर आहे.'

उद्धवरावांनी पुस्तक मिटून मांडीखाली घातलं. तेवढ्यात माणिकराव उठले. हीच वेळ, हाच मोका. "मंडळी," ते मोठ्यानं म्हणाले, "आमच्या पोराबद्दल या पुस्तकात काय लिवलं ते आयका." चष्मा नाकावर घेतला आणि वाचू लागले, "'महिपत माणिकराव. कपड्याचं दुकान. पोरगा सोन्यासारखा. चहा पिऊन कप सोताच्या हातानं मोरीत नेऊन ठेवला, असा दुसरा एकबी नाई आला. पण बापापुढं तोंड उघडत नाई, कारण बाप उघडू देत नाई. याले बोलकी बायको पाह्यजे, नाई तं जिंदगीभर मुका राहीन.'"

वाचता वाचता माणिकरावांचा आवाज बसत गेला. महिपत मागच्या रांगेत लाल होऊन जमिनीकडं पाहत होता. आता बापलेकांत काय होतं आणि उद्धवरावांचं काय होतं, हेच सगळे पाहत राहिले.

तोच नेरडीगोंड्याचे बाबाराव उठले. तेच, चिठ्ठीची घडी करून नाव देणारे. त्यांच्या हातात उघडं पुस्तक होतं. "पान एकोणीस," ते चाचरत म्हणाले. "आमची आशा. हिथं लिवलं हाय, 'पोरगी लय बोलते. बापाचंबी आयकत नाई. पण बोलते ते खरं बोलते.' सात वर्ष झाले, मी फॉर्मवर शांत सोभावाची म्हणून लिवतो, अन् लोक पाहाले आले का ती तोंड उघडते, अन् लोक चालले जाते." ते माणिकरावांकडं वळले. "पाहाले येता काय?"

माणिकरावांनी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "येतो." महिपत होता तो. बापापुढं पहिल्यांदाच बोलला आणि लगेच खाली बसला.

मग काय विचारता. मंडप हसायला लागला तो थांबेना. आजवर पुस्तकात सगळी पोरं उंच, सगळ्या पोरी शांत, सगळ्यांना नोकरी. घरी जाऊन पाहावं तेव्हा खरं कळे आणि चहापोह्यांवर पाणी. आता खरं आधीच छापून आलं होतं. भैंश्याच्या सुधाकरची माय उठून म्हणाली, "उंची कमी तं कमी, पण खोटं बोलनारं घर नाई आमचं." तिथंच दोघं तिला पत्ता विचारू लागले. मागच्या साली दोन सोयरिकी जमल्या होत्या. त्या रविवारी सहा ठरल्या, आणि होळीपर्यंत अकरा.

दादाजींनी उद्धवरावांच्या गळ्यात हार घातला. उद्धवरावांनी मान खाली घालून घेतला. त्यांना खरंच आनंद झाला होता आणि थोडी लाजही वाटत होती.

होळीनंतर सभेचं पत्र आलं. उद्धवरावांनी शर्ट घालून, गंध लावून ते उघडलं. पाकिटावर नाव होतं सौ. जयवंताबाई यांचं. पुढच्या सालापासून पुस्तकाचं सगळं काम त्यांच्याकडं देण्याचं एकमतानं ठरलं होतं, आणि ठरावाला अनुमोदन माणिकरावांचं. शेवटी एक ओळ होती, 'टायपिंगसाठी यजमानांना सोबत आणावे.'

उद्धवरावांनी ती ओळ तीनदा वाचली. मग आत जाऊन म्हणाले, "नऊ वाजून राह्यले. मी दफ्तरात चाललो."

"हो," जयवंताबाई म्हणाली. "मी आली का सुरू करा."

आता पोरं-पोरी एकाच ठिकाणी असतात, धुरा नाही, आणि दर शनिवारी फ्लॉपीवर नक्कल निघते. पण सवय कुठं जाते? परवा धर्माबादचे पाहुणे ओट्यावर बसले होते, आणि उद्धवरावांनी सुरू केलं, "साडेतीनशे धुरे सरकवले म्या या हातानं. पण कोणाच्या ज्वारीचं एक कणीस मोडलं असंल तं माणूस दाखवा."

आतून शेंगा सोलता सोलता आवाज आला, "माणूस कायले? मशीन दाखवते ना."

उद्धवरावांनी चष्मा पुसला, आणि मग पाहुण्यांना विचारलं, चहात साखर किती घेता.